वादग्रस्त पुतळा: हटवावा, हलवावा की जागेवरच ठेवावा? निर्णयाआधी काय तपासायचं?

उंबरठा (धागाकर्ता):

नमस्कार. एक उदाहरण धरून विचारतो. चौकात शंभरेक वर्षांपूर्वी बसवलेला ब्राँझचा पुतळा आहे. उंची साधारण तीन मीटर, खाली चार मीटरचा दगडी चौथरा, चारही बाजूंना कोरीव मजकूर. ज्याचा पुतळा आहे त्याने शहराला भरपूर दान दिलं हे खरं. त्याचा पैसा माणसांच्या खरेदी-विक्रीतून आला हेही कागदपत्रांवरून सिद्ध झालेलं आहे. एक गट म्हणतो, काढा. दुसरा म्हणतो, काढला की इतिहास पुसला जाईल. तिसऱ्याचं म्हणणं, शेजारी माहितीफलक लावा आणि विषय मिटवा.

निर्णय घेणाऱ्या समितीने सुरुवात कुठून करावी? फलकाने खरंच काही साधतं का? आणि हलवायचं ठरलं, तर पुतळ्याला इजा न होता ते कसं करतात? मत काहीही असो, कृपया कारणांसह लिहा.

---

पुराभिलेख:

सुरुवात अभिलेखागारातून करा. अशा समित्या बहुतेक वेळा त्या माणसाचं चरित्र वाचत बसतात, आणि मग चर्चा "तो चांगला होता की वाईट" यावर अडकते. त्याआधी विचारायचं ते हे: पुतळा कोणी उभारला, कधी, कोणाच्या पैशाने आणि त्या वेळी शहरात काय चाललं होतं?

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या एडवर्ड कोल्स्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचं पाहा. तो वारला १७२१ मध्ये, पुतळा बसला १८९५ मध्ये. मधली १७४ वर्षं शहराला त्याचा पुतळा लागला नव्हता. दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्स १९०२ मध्ये गेला, केप टाउन विद्यापीठातला त्याचा पुतळा १९३४ चा. अमेरिकेत यादवी युद्धात गुलामगिरीवादी दक्षिणेचा सेनापती असलेला जनरल ली १८७० मध्ये वारला, रिचमंडचा पुतळा १८९० चा आणि शार्लट्सव्हिलचा १९२४ चा. १९२४ पर्यंत दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयांचे मताधिकार कायद्याने काढून घेतले गेले होते. हे अंतर ज्यातून समजेल ते कागद गोळा करा: नगरसभेचं इतिवृत्त, वर्गणीदारांची यादी, शिल्पकाराशी झालेला करार, जागा दिल्याचा ठराव, अनावरणाची भाषणं, त्या आठवड्यातली वर्तमानपत्रं. आणि त्याच पानांत कोणी विरोध केला होता का, तेही शोधा. "त्या काळी सगळ्यांना हे मान्यच होतं" हे विधान तपासल्याशिवाय समितीच्या अहवालात जाता कामा नये.

समितीला एकच प्रकरण अभ्यासायला वेळ असेल तर न्यू ऑर्लिन्सचा लिबर्टी प्लेस स्तंभ घ्या. तुम्ही लिहिलेले सगळे पर्याय त्या एका दगडावर वापरून झालेले आहेत. १८७४ मध्ये व्हाइट लीग या सशस्त्र संघटनेने तिथल्या निवडून आलेल्या सरकारवर हल्ला केला. त्या हल्ल्याच्या गौरवासाठी १८९१ मध्ये स्तंभ उभा राहिला. १९३२ मध्ये त्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाची उघड भलामण करणारा मजकूर कोरला गेला. १९७४ मध्ये नगरपालिकेने शेजारी फलक लावला, की या भावना आजच्या शहराच्या विचारांशी जुळत नाहीत. १९८९ मध्ये रस्त्याच्या कामासाठी स्तंभ निघाला, तो १९९३ मध्ये कमी वर्दळीच्या जागी परत बसला, आणि मजकूर बदलून "दोन्ही बाजूंच्या" मृतांना वाहिला गेला. शेवटी एप्रिल २०१७ मध्ये तो हटवला. काम रात्री करावं लागलं, कामगारांनी तोंड झाकून बुलेटप्रूफ जाकिटं घातली होती.

यातलं १९९३ चं पाऊल मला सर्वात सदोष वाटतं. हल्लेखोर आणि ज्यांच्यावर हल्ला झाला ते, दोघांना एकाच वाक्यात बसवलं. त्याने वाद मिटला नाही आणि मूळ दस्तऐवजही बिघडला. मूळ कोरीव मजकूर कितीही घृणास्पद असला तरी घासू नका, बुजवू नका, त्यावर नवा कोरू नका. उभारणाऱ्यांचा हेतू त्यांच्याच शब्दांत सांगणारा तोच पुरावा असतो.

"इतिहास पुसला जाईल" या भीतीबद्दल. १८५७ चा उठाव क्रूरपणे चिरडणाऱ्या जनरल नीलचा मद्रासमधला पुतळा १९२७ च्या आंदोलनानंतर दहा वर्षांनी, १९३७ मध्ये माउंट रोडवरून काढून संग्रहालयात नेला. १८५७ मध्ये नीलने काय केलं हे त्यामुळे कोणी विसरलं नाही. ते पुस्तकांत आणि कागदांत आहे. पुतळा माहिती फार थोडी देतो. तो मान देतो. चर्चा मान द्यायचा की नाही यावर ठेवा.

आणि एक कोरडी पण अत्यावश्यक गोष्ट: मालकी. पुतळा नगरपालिकेचा, राज्याचा, न्यासाचा की वर्गणीदारांच्या वारसांचा? जमीन कोणाची? दानपत्रात "कायम याच जागी ठेवावा" अशी अट आहे का? संरक्षित यादीत नाव आहे का? भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरचं शिल्प पुरावस्तू ठरतं. शार्लट्सव्हिलच्या नगरसभेने २०१७ मध्येच ठराव केला, पण युद्धस्मारकं हलवायला राज्याच्या कायद्याची मनाई होती. पुतळा उतरला जुलै २०२१ मध्ये. मधल्या चार वर्षांत, ऑगस्ट २०१७ मध्ये, तिथे हिंसाचार होऊन जीव गेला. ठराव आधी आणि कायदा नंतर वाचला की असा धोकादायक काळ तयार होतो.

---

ओतशाळा:

वर पुराभिलेख यांनी कागदांचं लिहिलं आहे. मी धातू आणि दगडाचं लिहितो, कारण निर्णय कितीही विचारपूर्वक घेतला तरी घाईत उचललेला पुतळा घोट्यात मोडतो आणि मग बाकीचे पर्याय आपोआप संपतात.

आधी नोंद. हलवायचं ठरलेलं नसलं तरी ही करून ठेवाच. चारही बाजूंनी आणि वरून, एकमेकांवर किमान ७० टक्के येतील असे फोटो, सोबत मोजपट्टी आणि रंगपट्टी. तीन मीटरच्या पुतळ्याला चौथऱ्यासह ३०० ते ५०० फोटो लागतात. त्यातून त्रिमितीय प्रतिकृती बनते. ढगाळ दिवस निवडा. कडक उन्हात ब्राँझ चमकतं आणि मोजमाप बिघडतं.

मग वजन. ब्राँझचा पुतळा पोकळ असतो, भिंत साधारण ५ ते ८ मिमी. तीन मीटरच्या, अंगरखा घातलेल्या आकृतीचं पृष्ठफळ सुमारे ८ चौरस मीटर धरा. ७ मिमी जाडीने ०.०५६ घनमीटर धातू होतो; ब्राँझचं घनमीटरला ८.८ टन धरून सुमारे ४९० किलो. त्यात आतला लोखंडी सांगाडा, ओतकामानंतर आत राहिलेली माती आणि पायातलं शिसं मिळवा, की ७०० ते ९०० किलो होतात. जुन्या ओतकामात जाडी एकसारखी नसते, म्हणून उचलण्याची व्यवस्था दीड ते दोन टनांची ठेवा. हाच पुतळा भरीव संगमरवराचा असता तर दोन ते अडीच टन भरला असता आणि मान व घोटे फार नाजूक असते.

आत काय आहे ते पाहिल्याशिवाय हात लावू नका. खालच्या पाणी-निचऱ्याच्या भोकातून बारीक कॅमेरा आत घालता येतो. आतला लोखंडी सांगाडा गंजलेला असेल तर पुतळा वरून धडधाकट दिसतो आणि उचलताना कमरेत वाकतो. पायाखाली खुंट्या असतात, ब्राँझच्या किंवा लोखंडाच्या, दगडातल्या खोबणीत शिसं ओतून बसवलेल्या. लोखंडी असतील तर गंज फुगून दगडाला तडे गेलेले असतात. चौथऱ्याच्या माथ्यावरचे तांबूस ओघळ ही त्याची खूण. त्या खुंट्या क्रेनने उपटायच्या नाहीत. बैठक आणि दगड यांच्या सांध्यात पातळ करवत घालून कापायच्या.

उचलताना नायलॉनचे रुंद पट्टे वापरा, साखळी किंवा तारदोर नको. पट्टा हाताखालून, तलवारीतून, काठीतून जाता कामा नये. वर आडवी तुळई लावली की पट्टे सरळ लटकतात. तुळई नसेल तर कोन पाहा. दोन पट्टे आडव्याशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकावर वजनाच्या ५८ टक्के ताण येतो. ३० अंशांवर प्रत्येकावर पूर्ण वजनाएवढा येतो, शिवाय ते पुतळ्याला दोन्हीकडून आत दाबतात. क्रेनचा आकडाही फसवा असतो. २५ टनी क्रेन ते वजन अगदी जवळ उचलते, हात १५ मीटर लांब केला की क्षमता काही टनांवर येते.

पहिली उचल फक्त १० ते २० मिमी. तिथेच थांबा, वजनकाट्याचा आकडा वाचा. तो हिशोबापेक्षा चौथाईने जास्त असेल तर कुठलीतरी खुंटी अजून धरून आहे. खाली टेकवा आणि शोधा. जोर लावलात तर दगड फुटेल किंवा पाय तुटेल.

जमावाने दोर लावून पाडणं हा नैतिक प्रश्न आहेच, शिवाय जिवावरचा खेळ आहे. पोकळ पुतळा कुठे पडेल हे सांगता येत नाही, आणि ताणलेला दोर तुटला तर उलटा येतो. जून २०२० मध्ये व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथला असा पुतळा अंगावर पडून एक माणूस गंभीर जखमी झाला. पुतळ्यावरून ओढाताण सुरू झाली असेल तर प्रशासनाने भोवती कुंपण घालून तारखेसह कार्यक्रम जाहीर करावा. "पुढे पाहू" म्हणत बसणं हाच धोका.

रंग फासला गेला असेल तर पहिल्या दोन दिवसांतला रंग बराच निघतो, पण सच्छिद्र दगडावर लेप लावूनच काढायचा. तारेचा ब्रश, वाळूचा मारा, आम्ल आणि जोरदार पाण्याचा फवारा यांनी दगडाचा वरचा थर जातो. आणि पुसण्याआधी हा रंग ठेवायचा का, हेही ठरवा. कोल्स्टनचा पुतळा ७ जून २०२० ला पाडून बंदरात टाकला, चार दिवसांनी बाहेर काढला. संवर्धकांनी आतला गाळ धुतला, पण अंगावरचा लाल-निळा रंग जाणीवपूर्वक टिकवला. त्या गाळात १८९५ चं एक मासिक सापडलं, त्यावर पुतळा बसवणाऱ्यांची नावं लिहिलेली होती. म्हणूनच चौथरा फोडताना आणि पोकळी साफ करताना कोणीतरी जाणता माणूस तिथे हवाच.

---

चौथरा:

फलकाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. गुडघ्याएवढ्या उंचीवरचा फलक सात मीटरच्या रचनेशी वाद घालू शकत नाही. पुतळा दोनशे मीटरवरून, चालत्या वाहनातूनही दिसतो. फलक दोन मीटरवर थांबलेल्यालाच वाचता येतो. तेव्हा फलकाने वाद मिटेल असं समितीने धरून चालू नये.

तरीही अनेक ठिकाणी फलक लागणारच, तर नीट करा. मुख्य मजकूर ६० ते ८० शब्द, बाकी वेगळ्या पाटीवर. दोन मीटरवरून वाचायला अक्षराची उंची किमान १२ मिमी. देवनागरीत वेलांट्या-उकारांमुळे ओळींमधली जागा जास्त सोडावी लागते. फलक मूळ चौथऱ्यावर ठोकू नका, स्वतंत्र खांबावर तिरपा बसवा. खाली संस्थेचं नाव आणि साल टाका, कारण उद्या हा फलकही कोणाच्यातरी काळाचा दस्तऐवज ठरेल.

खरी लढाई क्रियापदांवर होते. "त्यांचा व्यापार विविध क्षेत्रांत पसरला होता" हे वाक्य खोटं नाही आणि काहीच सांगत नाही. "माणसं पकडून विकणाऱ्या कंपनीचे ते संचालक होते, त्या नफ्यातून त्यांनी या शहरात शाळा बांधल्या" या वाक्यात कर्ता, कर्म आणि पैसा तिन्ही आहेत. कर्मणी प्रयोग दिसला की थांबा आणि विचारा: कोणी केलं? ब्रिस्टलमध्ये २०१८ मध्ये फलकाचा मसुदा झाला, शब्द सौम्य करण्यावरून रस्सीखेच झाली, २०१९ मध्ये महापौरांनी तो मजकूर थांबवला. दुसरा लागेपर्यंत पुतळाच पाण्यात गेला. शब्दांसाठी सहा आठवड्यांची मुदत ठेवा आणि अंतिम अधिकार कोणाचा ते आधीच लिहून घ्या.

जागेवर ठेवूनही अर्थ बदलता येतो, पण त्यासाठी तोडीस तोड आकार लागतो. इटलीतल्या बोल्झानोमध्ये एका सरकारी इमारतीवर मुसोलिनीचं घोड्यावरचं प्रचंड कोरीव शिल्प आहे, त्यात "विश्वास ठेवा, आज्ञा पाळा, लढा" ही घोषणा. २०१७ मध्ये त्याच शिल्पावर आडवी प्रकाशमान अक्षरं बसवली: आज्ञापालनाच्या आड लपता येत नाही अशा अर्थाचं राजकीय विचारवंत हाना आरेंट यांचं वचन, तिथल्या तिन्ही भाषांत. शिल्पाला धक्का नाही, पण पाहणाऱ्याला आता ते एकटं वाचता येत नाही. त्याच शहरातल्या १९२८ च्या विजयस्मारकाखाली २०१४ पासून माहिती-प्रदर्शन आहे आणि एका खांबाला प्रकाशाचं कडं घातलं आहे. हे चालण्याचं एक कारण म्हणजे दोन्ही मोठ्या वास्तू आहेत. चौकातल्या एकट्या पुतळ्यावर असा प्रयोग अवघड जातो, कारण त्याला मिरवायला भोवती आकाश असतं.

हलवणं म्हणजे तटस्थ राहणं, असंही समजू नका. एस्टोनियाच्या राजधानीत, तालिनमध्ये, एप्रिल २००७ मध्ये सोव्हिएत काळातला ब्राँझचा सैनिक शहराच्या मध्यातून लष्करी दफनभूमीत नेला. नवी जागा सन्मानाचीच होती, तरी दंगल होऊन एकाचा जीव गेला. हलवण्याआधी "तिथे तो कशासाठी असेल" याचं उत्तर हवं. बुडापेस्टने १९९३ मध्ये साम्यवादी काळातले ४२ पुतळे आणि फलक एका उद्यानात आणले. तिथे पुतळे त्या राजवटीच्या प्रचारतंत्राचे नमुने म्हणून उभे आहेत. दिल्लीचा पंचम जॉर्ज इंडिया गेटच्या छत्रीतून १९६८ मध्ये हलला तो कॉरोनेशन पार्कमध्ये, पुन्हा उंच चौथऱ्यावरच. दक्षिण कोरियातल्या सोलने वसाहतकाळातली जपानी गव्हर्नर-जनरलची इमारत १९९५ पासून पाडली आणि तिच्या घुमटाचं टोक स्वातंत्र्य-संग्रहालयाच्या आवारात खड्ड्यात ठेवलं. पाहणाऱ्याला खाली वाकून पाहावं लागतं. उंची, दिशा आणि नजरेची पातळी या तीन गोष्टी मजकुराच्या आधी बोलतात. कोल्स्टन आता ब्रिस्टलच्या संग्रहालयात आडवा ठेवला आहे.

संग्रहालय म्हणजे अडगळीची खोली नाही, हेही लक्षात असू द्या. साध्या मजल्याची भारक्षमता चौरस मीटरला ४०० ते ५०० किलो असते. ९०० किलोचा पुतळा अर्ध्या चौरस मीटरच्या बैठकीवर उभा केला की ती कितीतरी पटींनी ओलांडली जाते. दाराची उंची, आत-बाहेर नेण्याचा मार्ग, विमा, राखण या सगळ्याची लेखी हमी आधी घ्या.

---

उंबरठा:

तिघांचेही आभार. दोन प्रश्न उरतात. एक, सरळ जनमत घेऊन बहुमताने ठरवू नये का? दोन, वितळवून टाकण्याबद्दल काय मत?

---

पुराभिलेख:

जनमत जरूर घ्या, पण निकाल म्हणून नको, माहिती म्हणून. ज्यांच्या पूर्वजांना विकलं गेलं ते बहुधा शहरात अल्पसंख्य असतात. त्यांच्या अपमानाची मोजदाद डोकी मोजून होत नाही. प्रश्नही "काढू का?" असा हो-नाहीचा विचारू नका, पर्याय मांडा. ब्रिस्टलने पुतळा संग्रहालयात ठेवल्यानंतर सर्वेक्षण केलं. सुमारे १४,००० जणांनी उत्तरं दिली आणि मोठ्या बहुसंख्येने कौल संग्रहालयाच्या बाजूने गेला. पाडण्यावरून दुभंगलेलं शहर ठेवण्याच्या जागेवर बरंचसं एकत्र आलं, कारण प्रश्न बदलला होता.

---

ओतशाळा:

वितळवण्याला माझा विरोध आहे. हलवलेला पुतळा पुढची पिढी परत आणू शकते किंवा आणखी दूर नेऊ शकते. वितळवला की त्यांचा निर्णय आपण घेतलेला असतो. पूर्व बर्लिनमधला १९ मीटरचा ग्रॅनाइटचा लेनिन १९९१-९२ मध्ये सुमारे १२९ तुकडे करून जंगलात पुरला. तुकडे शाबूत होते म्हणूनच २०१५ मध्ये साडेतीन टनांचं डोकं उकरून पुढे प्रदर्शनात ठेवता आलं. ठेवायला जागा नसेल तर पुतळा आडवा, फोम लावलेल्या लाकडी पाळण्यात, कोरड्या खोलीत ठेवा. खाऱ्या पाण्यात पडून आलेल्या ब्राँझला सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली लागते, नाहीतर हिरवी भुकटी सुटून धातू खात जाते. पाळण्याला ओकचं लाकूड वापरू नका, त्याच्या आम्लाने पायातलं शिसं खराब होतं.

---

चौथरा:

इथे मी ओतशाळा यांच्याशी सहमत नाही. शार्लट्सव्हिलचा ली ऑक्टोबर २०२३ मध्ये वितळवला गेला, तोही नगरसभेने तो रीतसर तिथल्या कृष्णवर्णीय वारसा केंद्राला दिल्यानंतर, नवं सार्वजनिक शिल्प घडवण्यासाठी. उघड ठराव, मालकीचं हस्तांतर, न्यायालयीन आव्हानं, सगळं पार पडलेलं होतं. तो पुतळा एकमेवही नव्हता. माझी अट एवढीच, की नोंद पूर्ण असावी आणि निर्णय दिवसाउजेडी झालेला असावा. कलाकृती म्हणून दुर्मीळ असलेल्या शिल्पाला मी हे लागू करणार नाही.

आणि रिकाम्या चौथऱ्याचं त्याच ठरावात ठरवा. मुंबईत काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्ड १९६५ मध्ये भायखळ्याच्या उद्यानात गेला; जागेचं नाव तेच राहिलं आणि बिनस्वाराचा घोडा तिथे आला २०१७ मध्ये. दिल्लीची छत्री १९६८ पासून २०२२ पर्यंत रिकामी होती. इतकी वर्षं जागा रिकामी ठेवणं हाही निर्णय असू शकतो, पण मग तो लिहून ठेवा. ब्रिस्टलच्या रिकाम्या चौथऱ्यावर जुलै २०२० मध्ये परवानगीविना एका आंदोलक स्त्रीचा पुतळा उभा राहिला आणि दुसऱ्याच दिवशी पालिकेने उतरवला. चौथरा ठेवणार असाल तर खुंट्यांच्या खोबणी चुन्याच्या मसाल्याने भरा, सिमेंटने नको. माथ्याला पाणी वाहून जाईल एवढा उतार द्या, कारण पुतळा गेल्यावर पाणी थेट सांध्यांत शिरतं. काढणार असाल तर प्रत्येक दगडाला क्रमांकाची पट्टी बांधा, रंगाने दगडावर लिहू नका, आणि क्रमांकांचा नकाशा मूळ ठरावाच्या फाइलला जोडा.